सात ऑक्टोबर : सेनापती गेले, पंतप्रधान राहिले

पारावरचा (धागाकर्ता)

सात ऑक्टोबरवर इथे आधी दोन-तीन धागे निघाले आणि सगळ्यांना टाळं लागलं, कारण दुसऱ्या पानावर चर्चा हमास विरुद्ध इस्रायल अशी होते आणि तिसऱ्यावर काँग्रेस विरुद्ध भाजप. म्हणून या धाग्याचा विषय मुद्दाम आखूड ठेवतोय. ७ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी साडेसहाला जे सुरू झालं त्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस म्हणून गाझात नेलं. त्यानंतर तिथल्या राजकारणात जबाबदारी कुणी घेतली, कुणी टाळली आणि टाळणाऱ्याला ती टाळता कशी आली, एवढंच इथे बोलू.

गेले कोण, ते आधी. अमान म्हणजे लष्करी गुप्तचर खातं. त्याचे प्रमुख अहारोन हालिवा यांनी एप्रिल २०२४ मध्ये राजीनामा दिला. अमानच्याच ज्या इलेक्ट्रॉनिक हेरगिरी करणाऱ्या युनिट ८२०० चे गोडवे आपल्याकडच्या स्टार्टअपवाल्यांनी वर्षानुवर्षं गायले, त्याचे कमांडर योसी सारिएल त्याच वर्षी सप्टेंबरात गेले. जानेवारी २०२५ मध्ये लष्करप्रमुख हर्झी हालेवी आणि दक्षिण विभागाचे प्रमुख यारोन फिंकेलमन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. शिन बेत म्हणजे देशांतर्गत गुप्तचर संस्था. तिचे प्रमुख रोनेन बार यांनी हल्ल्यानंतर दहा दिवसांच्या आत लेखी कबूल केलं होतं की इशारा देणं हे आमचं काम होतं आणि ते आम्हाला जमलं नाही. पुढे सरकारने त्यांना काढलं, सर्वोच्च न्यायालयाने ती हकालपट्टी बेकायदा ठरवली आणि शेवटी जून २०२५ मध्ये ते आपणहून गेले.

आता राहिले कोण? पंतप्रधान बिन्यामिन नेतन्याहू. २९ ऑक्टोबर २०२३ ला रात्री एकच्या सुमारास त्यांच्या खात्यावरून एक ट्वीट आलं. आशय असा : हमास युद्ध करणार आहे असा इशारा मला कोणत्याही टप्प्यावर मिळाला नव्हता, उलट अमानच्या आणि शिन बेतच्या प्रमुखांसकट सगळे म्हणत होते की हमास दबलेला आहे. गाझात सैन्य घुसत होतं, ते लढवणारे हेच अधिकारी होते आणि त्यांचा सर्वोच्च नेता मध्यरात्री त्यांच्या नावाने पावती फाडत होता. युद्धासाठी सरकारात आलेले बेनी गँत्झ यांनी सकाळी ते मागे घ्यायला जाहीरपणे सांगितलं. ट्वीट उडालं, "माझं चुकलं" असंही लिहिलं गेलं. पण त्या ट्वीटमधली भूमिका मात्र आजवर हललेली नाही.

माझं म्हणणं असं की या सगळ्या प्रकाराला "गुप्तचर खात्याचं अपयश" म्हणत राहणं हा सरकारच्या सोयीचा डाव आहे. खबर कमी पडलीच नव्हती. हमासचा हल्ल्याचा चाळीसेक पानी आराखडा इस्रायलच्या हातात वर्षभराहून जास्त काळ होता. त्याला 'जेरिको वॉल' असं टोपणनाव दिलं होतं. आधी रॉकेटचा मारा, मग ड्रोनने टेहळणीचे कॅमेरे आणि दूरनियंत्रित बंदुका आंधळ्या करायच्या, मग कुंपण फोडून पॅराग्लायडर, मोटरसायकली आणि पायदळ आत. झालंही बरचसं तसंच. जुलै २०२३ मध्ये ८२०० मधल्या एका विश्लेषक बाईंनी लिहिलं होतं की हमासचा सराव या आराखड्याशी जुळतोय. त्यांना वरून कळवलं गेलं की ही कल्पनाशक्ती आहे.

मग खबर पोचूनही पटली का नाही? कारण हमासला राज्य करायचंय, लढायचं नाही, हे गृहीतक नुसतं गुप्तचरांचं नव्हतं. ते सरकारचं धोरण होतं. धोरणाची चौकशी कुणी करायची यावर तिथे आज भांडण चालू आहे.

सोनचाफा

धागा आवडला. टाळं लागायच्या आत वाचून घेतला. :)

'जेरिको वॉल'बद्दल एक भर. तो आराखडा नेतन्याहूंच्या टेबलापर्यंत गेला होता असं कुठे सिद्ध झालेलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. अर्थात पुढचा प्रश्न आपसूक येतो, पंधराहून अधिक वर्षं पंतप्रधान असलेल्या माणसाच्या टेबलावर काय यावं हे ठरवणारी यंत्रणा कुणी बसवली?

निवृत्त_सुभेदार

मी पायदळात होतो, गुप्तचर वगैरे काही नाही, तरी लिहितो.

गाझाच्या सीमेवर नाहल ओझ नावाचा लष्करी तळ आहे. तिथे अठरा-वीस वर्षांच्या मुली दिवसरात्र पडद्यांवर कुंपण बघत बसायच्या. कॅमेऱ्यासमोरचा ठराविक तुकडा, तोच रस्ता, तेच शेतकरी. पोस्टवर दोन महिने बसलेल्या जवानाला विचारा, समोर रोजच्यापेक्षा वेगळं काही घडलं की पोटात कळतं. या मुलींनी कळवलं होतं की कुंपणाजवळ माणसं येऊन नकाशे बघतायत, सराव चाललाय, खोटं कुंपण उभारून ते उडवतायत. वरून उत्तर काय, तुम्ही डोळे आहात, डोकं आम्ही आहोत. त्या तळावर हल्ला झाला तेव्हा यांच्याकडे साधी रायफल नव्हती. डझनाहून अधिक मुली मारल्या गेल्या, सात जणींना उचलून नेलं.

आणि ते कुंपण! २०२१ च्या डिसेंबरात थाटात पूर्ण झालं. पासष्ट किलोमीटर, जमिनीखाली भुयारं अडवणारी काँक्रीटची भिंत, सेन्सर, रडार, साडेतीन अब्ज शेकेल. एवढं यंत्र उभं केलं की मागची माणसं काढून घ्यायचा मोह होतोच. सणाचा शनिवार, निम्मे लोक सुट्टीवर, काही बळ आधीच वेस्ट बँककडे वळवलेलं. लष्कराच्या स्वतःच्या चौकशीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य केलंय की गाझा डिव्हिजन काही तास पार कोलमडली होती आणि नागरिकांना वाचवण्याचं काम लष्कराला जमलं नाही. इतकं स्पष्ट आपल्याकडे कुणी लिहून देईल का, सांगा.

हालिवा, हालेवी गेले ते योग्यच झालं. हुद्दा मोठा तर जबाबदारी मोठी. पण मग तो हिशोब वरपर्यंत जायला नको का?

थेट_नागपूर

एकतर्फी धागा. जरा दुसरी बाजू मांडतो, झेपेल का बघा.

सात तारखेच्या पहाटे चारच्या सुमारास लष्करप्रमुख, शिन बेतचे प्रमुख वगैरे मंडळी फोनवर सल्लामसलत करत होती. गाझातल्या काही हमासवाल्यांच्या फोनमध्ये इस्रायली सिमकार्डं चालू झाल्याचं कळलं होतं. बार साहेब स्वतः कचेरीत येऊन बसले, एक छोटी तुकडी दक्षिणेला पाठवली. एवढं सगळं झालं आणि पंतप्रधानांना उठवलं कधी, तर रॉकेटं पडायला लागल्यावर! संरक्षणमंत्र्यांनाही नाही. ज्याला कुणी उठवलंच नाही त्याने काय करायचं होतं, स्वप्नात येऊन आदेश द्यायचे?

दुसरं. इस्रायलचा चौकशी आयोगाचा १९६८ चा कायदा म्हणतो की सदस्य सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष नेमतील. आता २०२३ चं अख्खं वर्ष सरकार आणि न्यायालय यांच्यात न्यायव्यवस्थेतल्या बदलांवरून उभा दावा चालू होता. आजचे अध्यक्ष यित्झाक अमीत यांची निवड सरकारच्या न्यायमंत्र्याला मान्य नाही, तो त्यांना अध्यक्ष म्हणायलाही तयार नाही. अशा माणसाने नेमलेल्या आयोगासमोर निम्म्या देशाने विश्वासाने बसायचं?

आणि हो, त्याच वर्षी राखीव दलातले वैमानिक "आम्ही ड्युटीला येणार नाही" म्हणत रस्त्यावर होते. शत्रूला त्यातून काय दिसलं असेल? त्याची जबाबदारी कोण घेणार?

पारावरचा

थेट_नागपूर, झेपेल की. क्रमाने घेतो.

पहाटेच्या फोनाफोनीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती त्या अधिकाऱ्यांची चूकच, आणि त्यासाठीच ते गेले. पण एका पहाटेचा प्रश्न वेगळा आणि पाच वर्षांच्या धोरणाचा वेगळा. नोव्हेंबर २०१८ मध्ये कतारचे दीड कोटी डॉलर रोख, सुटकेसमध्ये भरून, इस्रायलच्या परवानगीने गाझात गेले. मग तो शिरस्ताच पडला. त्याच महिन्यात संरक्षणमंत्री आव्हिग्दोर लिबरमन यांनी राजीनामा दिला, हमासशी तह करून आपण शांतता विकत घेतोय असं म्हणत. म्हणजे मंत्रिमंडळातल्या माणसाने तोंडावर सांगितलं होतं. नंतर हमासने ऑगस्ट २०२२ आणि मे २०२३ मध्ये इस्लामिक जिहाद या गाझातल्या दुसऱ्या सशस्त्र गटाच्या लढाईत हात घातला नाही, तेव्हा जेरुसलेममध्ये सगळ्यांनी मान डोलावली, बघा, दबलेत.

शिन बेतने मार्च २०२५ मध्ये स्वतःच्या चौकशीचा सारांश जाहीर केला. आपल्या चुका आधी मोजल्या. पुढे मात्र लिहिलं की हमासचं बळ वाढायला शांतता राखण्याचं धोरण आणि कतारचा पैसा कारणीभूत होता. पंतप्रधानांच्या गोटात त्यावर आग पाखडली गेली, आणि त्याच महिन्यात बार यांना काढायचा ठराव मंत्रिमंडळात आला. त्या वेळी शिन बेत नेतन्याहूंच्या काही सहायकांच्या कतारशी असलेल्या संबंधांची चौकशीही करत होती. दोन आणि दोन मी जोडत नाही, तुम्ही जोडा.

वैमानिकांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पण गंमत अशी की त्या भांडणामुळे शत्रूला आपण दुबळे दिसतोय हा इशारा गुप्तचर खात्यांनीच २०२३ मध्ये सरकारला दिला होता. मार्चमध्ये संरक्षणमंत्री गॅलंट टीव्हीवर हेच बोलले, तर नेतन्याहूंनी त्यांना काढलं. त्या रात्री लोक रस्त्यावर उतरले म्हणून ते काढणं मागे घ्यावं लागलं. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलंच, पण कारण दिलं विश्वास उरला नाही असं. सात ऑक्टोबरसाठी नव्हे.

थेट_नागपूर

आणि नेतन्याहूंच्या आधीच्या बेनेट-लापिद सरकारने गाझाच्या मजुरांचे परवाने वाढवले त्याचं काय? ते सोयीस्करपणे गाळलंत.

पारावरचा

गाळलं नाही, तुम्ही आणाल म्हणून ठेवलं होतं. बेनेट आणि लापिद यांनी सुटकेसवाली रोकड बंद केली, पण पोट भरलं की माणूस लढत नाही हे गृहीतक त्यांनीही उचललं आणि परवाने वाढवले. २०२३ पर्यंत गाझातून इस्रायलमध्ये कामाला जायचे सतरा-अठरा हजार परवाने होते. म्हणूनच म्हणतो की चौकशी धोरणाची हवी. मग लापिद आणि बेनेटही साक्षीला बसतील. त्या दोघांनी १९६८ च्या कायद्याखालच्या चौकशी आयोगाला नाही म्हटलेलं नाही.

आडवा_प्रश्न

तुम्ही सगळे भोळे आहात. इजिप्तने तीन दिवस आधी सांगितलं होतं. जगातली सर्वात भारी गुप्तचर संस्था आणि तिला कळत नाही? होऊ दिलं मुद्दाम, गाझा घ्यायला. डोळे उघडा.

निवृत्त_सुभेदार

साहेब, फौजेत एक गोष्ट फार लवकर कळते. ज्या कामाला बारा खाती लागतात आणि गुपित राखायचं असतं, ते काम होत नाही. घोळ मात्र एकट्याने निवांत घालता येतो.

सोनचाफा

आडवा_प्रश्न, इजिप्तच्या इशाऱ्याबद्दल अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहातल्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष बोलले होते, नेतन्याहूंच्या कार्यालयाने ते साफ नाकारलं. वाद आहे, पुरावा नाही. आणि असला इशारा मिळूनही न मानणं हे इतिहासात इतक्यांदा झालंय की त्याला कट लागत नाही. १९७३ च्या २५ सप्टेंबरला जॉर्डनचा राजा हुसेन स्वतः गुपचूप येऊन तेव्हाच्या पंतप्रधान गोल्डा मायर यांना सांगून गेला होता की सीरियाचं सैन्य हल्ल्याच्या पवित्र्यात आहे. शत्रुदेशाचा राजा, समोरासमोर. तरी अकरा दिवसांनी सगळे चकित.

फक्त_वाचक

+१ सुभेदार.

एक शंका. १९७३ मध्ये निदान गोल्डाबाईंनी राजीनामा दिला होता ना? तेव्हा तिथल्या राजकारण्यांना लाज होती म्हणायची का?

सोनचाफा

लाज होती की नव्हती, बघा तुम्हीच. ही गोष्ट नेहमी अर्धवट सांगितली जाते, म्हणून लांब लिहिते.

६ ऑक्टोबर १९७३, योम किप्पूर म्हणजे ज्यूंचा सर्वात पवित्र दिवस, शनिवारच. तेव्हाही अमानचं एक लाडकं गृहीतक होतं : इजिप्तकडे लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं येत नाहीत तोवर तो लढणार नाही, आणि इजिप्त लढला नाही तर सीरिया लढणार नाही. दक्षिण विभागात बिन्यामिन सिमान-टोव्ह नावाचा एक लेफ्टनंट होता. त्याने १ आणि ३ ऑक्टोबरला लिहून दिलं की सुएझ कालव्यापलीकडे चाललाय तो सराव नाही, सरावाच्या आडून तयारी आहे. त्याचं टिपण वर गेलंच नाही. २०२३ च्या त्या विश्लेषक बाई आणि हा लेफ्टनंट, पन्नास वर्षांच्या अंतराने एकाच बाकावर बसलेत. हल्ल्याच्या आदल्या रात्री मोसादचे प्रमुख झ्वी झमीर लंडनला जाऊन अश्रफ मारवानला भेटले. मारवान म्हणजे इजिप्तचे दिवंगत अध्यक्ष नासेर यांचा जावई आणि मोसादचा खबऱ्या. त्याने सांगितलं, उद्या. ती बातमी पहाटे पोचली, युद्ध दुपारी दोनला सुटलं.

अडीच हजारांवर इस्रायली सैनिक गेले. आता राजकारण बघा. निवडणूक ऑक्टोबरअखेर होती, ती पुढे ढकलून ३१ डिसेंबरला घेतली. गोल्डाबाईंची मजूर पक्षाची आघाडी ती जिंकली! ५१ जागा. लोकांनी लगेच शिक्षा केली हा समज चुकीचा आहे.

आयोग नोव्हेंबरात बसला, सरन्यायाधीश शिमोन अग्रानात अध्यक्ष. १९७४ च्या एप्रिलच्या सुरुवातीला अंतरिम अहवाल आला. त्यात लष्करप्रमुख दावीद एलाझार, अमानप्रमुख एली झेइरा, दक्षिण विभागाचे गोनेन, सगळ्यांना जायला सांगितलं. आणि गोल्डा व संरक्षणमंत्री मोशे दायान? त्यांच्यावर थेट दोष नाही, त्यांच्या राजकीय जबाबदारीत आम्ही पडत नाही, असा सूर. एलाझार यांनी कडवटपणे लिहिलं की एकच माहिती समोर असताना मी दोषी आणि संरक्षणमंत्री मोकळे, हे कसं? दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, ते हृदयविकाराने गेले.

गोल्डाबाईंना घालवलं ते अहवालाने नव्हे. मोट्टी अश्केनाझी नावाचा राखीव दलातला एक कॅप्टन युद्धात सुएझ कालव्याच्या उत्तर टोकाला 'बुडापेस्ट' नावाच्या ठाण्यावर होता. ती एकच चौकी शेवटपर्यंत पडली नाही. हा घरी आला आणि पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर फलक घेऊन एकटा उभा राहिला, दायान यांनी जावं म्हणून. हळूहळू हजारो आले. अहवालानंतर लोक अजूनच भडकले आणि ११ एप्रिलला बाईंनी राजीनामा जाहीर केला. पुढे राबिन पंतप्रधान झाले. खरा हिशोब झाला तो मे १९७७ ला, बेगिन यांचा लिकुड ४३ जागा घेऊन पहिला आला आणि मजूर पक्षाची देशाच्या जन्मापासूनची सत्ता गेली.

यातला माझा आवडता तपशील. अग्रानात आयोगाचे एक सदस्य होते यिगाएल यादिन, पुरातत्त्वज्ञ आणि माजी लष्करप्रमुख. राजकारण्यांना मोकळं सोडणाऱ्या अहवालावर यांची सही. मग यांनीच १९७६ मध्ये नवा पक्ष काढला, मजूर पक्षाची मतं फोडून १५ जागा मिळवल्या आणि बेगिन यांचे उपपंतप्रधान झाले. आणि बेगिन यांच्या त्या सरकारात परराष्ट्रमंत्री कोण? मोशे दायान.

फक्त_वाचक

दंडवत घ्या. दायान प्रकरण माहीतच नव्हतं.

लिंबूटिंबू

मी २०२३ मध्ये इस्रायलमधल्या रेहोवोतला पोस्टडॉक करत होते, त्यामुळे दिल्ली-पुण्याच्या टीव्हीपेक्षा थोडं जवळून पाहिलं. सायरनबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांनी वाचलंय. राजकारणाबद्दल लिहिते.

पहिल्या आठवड्यात मंत्री दिसेनात. जे दिसले त्यांना लोकांनी ठेवलं नाही. पर्यावरणमंत्री इदित सिलमन आमच्या जवळच्याच एका इस्पितळात जखमींना भेटायला आल्या, तर डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी ओरडून परत पाठवलं. आमच्या लॅबमध्ये तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. शिक्षणमंत्री योआव किश यांनी मात्र मान्य केलं की सरकारचा सदस्य म्हणून मी जबाबदार आहे. नेतन्याहूंच्या लिकुड पक्षाचेच ते. त्याच महिन्यात 'मआरिव'च्या पाहणीत ऐंशी टक्के लोकांनी म्हटलं की नेतन्याहूंनी जाहीर जबाबदारी घ्यावी. लिकुडचे मतदारही त्यात बहुसंख्येने होते. मला वाटलं, संपलं यांचं.

पण लोदला एका मावशींकडे मी सणासुदीला जायचे. बेने इस्राएल, माहेर अलिबागकडचं, मराठी अजून माझ्यापेक्षा गोड. त्यांच्या घरात नातू राखीव दलात, दक्षिणेला गेलेला. तो चार दिवसांनी घरी आला तेव्हा जेवताना म्हणाला, बीबीने (म्हणजे नेतन्याहूंनी) जायला पाहिजे. मावशी उसळल्या. "त्याला कुणी उठवलंच नाही तर त्याचा काय दोष? सगळे ते तेल अवीवचे साहेब लोक, त्यांना तो खुपतोय." हे थेट_नागपूर यांच्या मुद्द्याशी शब्दशः जुळतं, म्हणून सांगतेय. त्यामागे जुनं आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतली, हे खरे ज्यू आहेत का म्हणून. १९६४ पर्यंत मोर्चे काढावे लागले. तेव्हा सत्ता मजूर पक्षाची. त्या अपमानाची आठवण ज्यांच्या घरात आहे त्यांना न्यायाधीश, जनरल, प्राध्यापक हे सगळे एकाच गटातले वाटतात. नेतन्याहू हे जाणून आहेत, त्यांचा सगळा बचाव त्यावर उभा आहे. सेनापतींवर बोट दाखवलं की मावशींना पटतं.

नातवाचं म्हणणं एवढंच होतं की मला न्यायाधीश नको, बीबी नको, हल्ला झालेल्या बेअेरी गावात पोचायला लष्कराला इतके तास का लागले ते कुणीतरी शपथेवर सांगा.

घारापुरी

लिंबूटिंबूताई, फार चांगला प्रतिसाद.

अवांतर, पण आपल्याकडचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. २६/११ नंतर चार-पाच दिवसांत शिवराज पाटील गेले, आर. आर. आबा गेले, मग विलासराव गेले. किती ताबडतोब! आबा वर्षभरात पुन्हा गृहमंत्री. राम प्रधान समिती राज्याने नेमली, दोन सदस्यांची, आणि तिच्या कक्षेत राज्याचं पोलीस दल. समुद्रमार्गे हल्ला होणार अशा खबरा केंद्राच्या संस्थांकडून आल्या होत्या, त्यांचं तिथे काय झालं हे विचारायचा अधिकार तिला नव्हता. नरिमन हाउसमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांना इस्रायलमध्येही हाच प्रश्न असेल, कुणाला काय माहीत होतं. राजीनामे भराभर मिळाले, उत्तरं नाही मिळाली.

पारावरचा

घारापुरी, अवांतर नाही, अगदी मुद्द्याचं आहे. आयोग नेमणारा ठरवतो आयोगाने काय विचारायचं. कारगिलनंतरची सुब्रह्मण्यम समिती घ्या. उत्तम अहवाल, त्यातून गुप्तचर यंत्रणेत बदलही झाले. पण ती सरकारने नेमलेली होती, घडलं ते तपासून शिफारशी करायच्या एवढंच काम, माणसांवर ठपका ठेवणं तिच्या कक्षेत नव्हतं. जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री राहिले. १९६२ च्या युद्धावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल तर अजून सरकारने खुला केलेला नाही. कृष्ण मेनन गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे आपण अभिमानाने सांगतो, अहवाल कुठाय ते विचारत नाही.

इस्रायलमध्ये १६ नोव्हेंबर २०२५ ला मंत्रिमंडळाने ठरवलं की "स्वतंत्र" चौकशी आयोग बसवायचा, पण त्याने काय तपासायचं ते मंत्र्यांची समिती ठरवणार. लापिद वगैरेंनी आणि मृतांच्या नातेवाइकांच्या 'ऑक्टोबर कौन्सिल'ने त्यावर झोड उठवली. ज्यांची चौकशी व्हायची त्यांनीच प्रश्नपत्रिका काढायची, हा आक्षेप.

आडवा_प्रश्न

गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यांनुसार सत्तर हजारांवर माणसं मेली तिथे. आणि इथे चर्चा काय, तर इस्रायलचा कुठला जनरल गेला नि कुठला राहिला. शाब्बास.

सोनचाफा

तुमचा राग मला कळतो. पण हे दोन विषय सुटे नाहीत. २५ ऑक्टोबर २०२३ च्या भाषणात नेतन्याहू म्हणाले की सगळ्यांना उत्तरं द्यावी लागतील, मलाही, पण युद्धानंतर. एकदा हे म्हटलं की युद्ध जितकं लांबेल तितकी उत्तरं लांबतात. गँत्झ जून २०२४ मध्ये सरकारातून बाहेर पडले तेव्हा त्यांचा आरोप हाच होता की निर्णय राजकारण बघून होतायत. युद्ध केवळ त्यासाठीच लांबलं असं मी म्हणणार नाही. पण संपवण्याची घाई नसायला हे एक कारण होतं, हे ओलिसांच्या कुटुंबांनी तेल अवीवच्या चौकात दर शनिवारी ओरडून सांगितलं.

निवृत्त_सुभेदार

ताजी बातमी घ्या. नवे लष्करप्रमुख एयाल झमीर यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये हालिवा, फिंकेलमन यांच्यासकट काही वरिष्ठांना राखीव दलातूनही काढलं. म्हणजे आधीच राजीनामा दिलेल्यांना पुन्हा शिक्षा. संरक्षणमंत्री काट्झ लगेच त्यावरून त्यांच्याशी भांडले. आता सैन्याचा दुसरा लष्करप्रमुख, दुसरी चौकशी, दुसरी शिक्षा झाली. सरकारची पहिलीही नाही.

थेट_नागपूर

लोकशाही आहे. मतदार बघून घेईल.

लिंबूटिंबू

बघेल. निवडणूक ऑक्टोबर २०२६ पर्यंत व्हायलाच हवी. त्या आधी सरकारला आपल्या पसंतीच्या आयोगाचा कायदा करून घ्यायचाय : सदस्य सर्वोच्च न्यायालयाच्या अध्यक्षाने नव्हे, तर क्नेसेट म्हणजे संसदेतल्या पक्षांनी निवडायचे. विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये प्राथमिक वाचनात मंजूर झालं. विरोधी पक्ष म्हणतायत की आम्ही यात सदस्य देणार नाही आणि सत्तेत आलो की खरा आयोग बसवू.

मावशींना परवा फोन केला होता. त्या अजून लिकुडच म्हणतात. नातू बेनेटकडे गेलाय, नव्या पक्षात. मी त्याला म्हटलं, परवाने वाढवणारे तेच ना? म्हणाला, "ते निदान साक्षीला बसतो म्हणतायत."

पारावरचा

थेट_नागपूर, त्या विधेयकातली सदस्य निवडीची कलमं नीट वाचून इथे मांडाल का? पक्षांनी निवडलेल्या आयोगात दोन बाजूंचं एकमत झालं नाही तर साक्षीला कुणाला बोलवायचं हे कोण ठरवणार, याची बाजू तुमच्याकडून ऐकायची आहे.

थेट_नागपूर

रविवारी लिहितो. तोवर टाळं लागू देऊ नका.